पाटाच्या पाण्याचा हिशोब

काजव्यांच्या दिवसांत भंडारदऱ्याला गेलेले किती जण आहेत इथे? तिथली ती दगडी भिंत म्हणजे विल्सन धरण, 1926 चं. आज भिंतीबद्दल नाही, तिच्या हिशोबाबद्दल बोलायचंय. विषय अर्थशास्त्राचा आहे, पण थांबा, एपिसोड बंद करू नका.

भंडारदऱ्याचं पाणी प्रवरेतून खाली संगमनेरजवळ ओझरच्या बंधाऱ्याला येतं आणि तिथून पाट सुटतात, राहाता, श्रीरामपूर, राहुरीकडे. कोपरगावच्या बाजूला गोदावरीचे कालवे, नांदूर मधमेश्वरहून आलेले. आपलं नगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर, तसं अवर्षणाचं. या पाटांनी त्याचा उत्तरेकडचा भाग हिरवा केला.

पण सरकारी वहीत मात्र रडगाणं होतं. इंग्रज सरकारने कालव्यांचे दोन वर्ग केले होते. भांडवलावरचं व्याज फेडणारा तो 'उत्पादक'. दुष्काळात माणसं जगावीत म्हणून बांधलेला तो 'संरक्षक'. दख्खनचे कालवे बहुतेक दुसऱ्या वर्गातले. पाणीपट्टी किती आली, खर्च किती झाला, एवढंच बघितलं तर हाती तोटाच यायचा.

आता तोटा, पण कोणाचा? इथे येतात धनंजयराव गाडगीळ. पुण्यात 1930 साली सुरू झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे पहिले संचालक. त्यांनी गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष फायद्यांची पाहणी केली आणि तिचा अहवाल 1948 मध्ये छापला. पाटबंधाऱ्याकडे तिजोरीच्या नव्हे, गावाच्या बाजूने बघणारं आपल्याकडचं हे फार सुरुवातीचं काम.

म्हणजे काय, ते बघा. बाजरीच्या रानात पाट आला आणि ऊस लागला. शेतकऱ्याचं उत्पन्न वाढलं, हा प्रत्यक्ष फायदा. पण उसाला खुरपणी, बांधणी, तोडणी लागते, म्हणजे मजुराला काम. गाडीवाल्याला भाडं. पेठेत उलाढाल. यातलं काहीच पाणीपट्टीच्या पावतीवर दिसत नाही! आणि उलटी बाजूही आहे. तो मजूर आधी दुसऱ्या गावात कामाला होताच, तर त्याची सगळी मजुरी नवा फायदा म्हणून धरता येत नाही. पाट नसता तर काय झालं असतं, हे आधी ठरवावं लागतं. खरी डोकेफोड तिथेच आहे. (जास्त पाण्याने चोपण झालेल्या जमिनी कोणत्या रकान्यात टाकायच्या, हा आणखी एक वांधा.)

युरोपात हा प्रश्न जुना. फ्रान्सचा इंजिनिअर ज्यूल द्युपुई याने 1844 मध्येच लिहिलं होतं की पुलाची किंमत टोलच्या गल्ल्यावरून ठरत नाही. लोकांना त्याचा जो उपयोग होतो, तो गल्ल्यापेक्षा मोठा असतो.

मला गाडगिळांचं पुढचं पाऊल जास्त आवडतं. पाटांवर तोवर खासगी साखर कारखाने आले होते, शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेऊन ऊस पिकवत होते. म्हणजे फायदा झाला खरा, पण गेला कोणाच्या खिशात? लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांचा सहकारी कारखाना काढायचं ठरवलं, तेव्हा त्याचे अध्यक्ष झाले हेच गाडगीळ. पुण्याचा प्राध्यापक, लोणीच्या माळावर! 1950 च्या अखेरीस तिथे पहिलं गाळप सुरू झालं.

त्या अहवालात हिशोब होता तो कालव्यावरच्या गावांचा. नदी मात्र पुढे पैठणला जाते. तिथे जायकवाडी झालं 1976 साली, आणि वरच्यांनी किती पाणी सोडायचं हे भांडण सुरू झालं. 2005 च्या कायद्याने जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आलं, त्याने 2014 मध्ये समन्यायी वाटपाचा आदेश काढला. तरीही पाऊस कमी झाला की ऑक्टोबरात श्रीरामपूर आणि पैठण, दोन्हीकडे लोक रस्त्यावर येतात. आता वहीत दोन्ही गावं हवीत. ती कशी मांडायची, ते पुढच्या भागात.