शालेय मंडळे व सर्वधर्मीय उपक्रम : गोंदिया जिल्ह्याच्या संदर्भात

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. धानाची शेती आणि तलाव यांसाठी ओळखला जाणारा हा आठ तालुक्यांचा प्रदेश नागपूर महाधर्मप्रांतात मोडतो. २०११ च्या जनगणनेनुसार येथील लोकसंख्या सुमारे १३ लाख २२ हजार असून त्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे १६ टक्के आहे. बौद्ध समाजही मोठा आहे. ख्रिस्ती कुटुंबे मात्र फार थोडी. साहजिकच अशा भागातील कॅथोलिक शाळेत शिकणारी बहुसंख्य मुले इतर धर्मांची असतात आणि सर्वधर्मीय उपक्रम हा तेथे रोजच्या सहवासाचा प्रश्न ठरतो.

विदर्भाला सर्वधर्म प्रार्थना नवीन नाही. सेवाग्रामला महात्मा गांधींच्या प्रार्थनेत कुराणातील आयती, बौद्ध मंत्र, पारशी प्रार्थना व ख्रिस्ती स्तोत्रे यांना स्थान होते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी सामुदायिक प्रार्थना खेडोपाडी नेली. शाळांमध्ये मात्र या परंपरेचे पुष्कळदा वेशभूषा स्पर्धेत रूपांतर झालेले दिसते. स्नेहसंमेलनात चार मुले हिंदू, मुस्लिम, शीख व ख्रिस्ती अशा वेशांत हात धरून उभी राहतात आणि पडदा पडतो. त्यातील ख्रिस्ती मूल बहुधा पांढऱ्या झग्यात असते. आपल्यापैकी किती जणांच्या आजीने असा झगा घातला होता, हे ज्याचे त्याने आठवावे! अधिक गंभीर बाब अशी, की या चौकडीत वर्गातील बौद्ध व गोंड मुलांना जागाच नसते.

वास्तविक या जिल्ह्याइतकी समृद्ध सामग्री थोड्याच जिल्ह्यांना लाभली असेल. सालेकसा तालुक्यातील कचारगडच्या गुहा हे गोंड समाजाचे श्रद्धास्थान होय. माघ पौर्णिमेच्या सुमारास अनेक राज्यांतून गोंड भाविक येथे येतात; पारी कुपार लिंगो व माता जंगो रायताड यांचे स्मरण करतात. अर्जुनी मोरगाव तालुक्यात प्रतापगडावर महादेवाचे स्थान आहे, तसाच ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांच्या नावाचा दर्गाही आहे. महाशिवरात्रीच्या यात्रेत आणि उर्सात दोन्ही समाजांचे लोक सहभागी होतात. त्याच परिसरात १९७२ साली वसलेली नोर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५४ ची लोकसभा पोटनिवडणूक भंडारा मतदारसंघातून लढले होते आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली. म्हणजे याच मातीतील आंबेडकरी बौद्ध आणि हिमालयापलीकडून आलेले बौद्ध एकाच जिल्ह्यात नांदतात. इतिहास मंडळाच्या विद्यार्थ्यांनी घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून या स्थळांची माहिती लिहून काढली, तर ते काम वेशभूषेपेक्षा कितीतरी सखोल होईल.

ख्रिस्ती वाटाही येथे शोधता येतो. कवी नारायण वामन टिळक यांना नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने नवा करार भेट दिला आणि पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांचा बाप्तिस्मा झाला, ही हकिगत सर्वश्रुत आहे. तो लोहमार्ग गोंदियावरूनच जातो. टिळक प्रोटेस्टंट होते. पण अभंग व कीर्तनाच्या वाटेने ख्रिस्तभक्ती मराठीत आणण्याचे त्यांचे कार्य साऱ्या ख्रिस्ती समाजाचा ठेवा आहे. नाताळच्या कार्यक्रमात त्यांचे चरित्र कीर्तनरूपाने सादर केल्यास इतर धर्मांच्या पालकांनाही ते परके वाटणार नाही.

तथापि आमच्या मते मुले एकमेकांना खऱ्या अर्थाने ओळखतात ती एकत्र काम करताना. भारत स्काउट्स आणि गाइड्स या संघटनेत सर्वधर्म प्रार्थना शिबिराचा भाग असते. तिच्या वचनात ‘ईश्वर’ शब्दाऐवजी ‘धर्म’ हा शब्द घेण्याची मुभा आहे, ही सोय मार्गदर्शक शिक्षकाने मुलांना सांगितली पाहिजे. २००१-०२ पासून सुरू झालेल्या राष्ट्रीय हरित सेनेचे पथक तर या जिल्ह्यासाठी जणू घडवलेलेच आहे. महाराष्ट्रातील सारस पक्षी मुख्यत्वे गोंदियातच उरले असून अलीकडच्या गणनांत त्यांची संख्या पन्नासच्या आत आढळली आहे. सारस धानाच्या बांधीत घरटे करतो. त्यामुळे शेतकऱ्याच्या सहकार्यावाचून त्याची अंडी वाचत नाहीत. बांधीचा मालक कोणत्या धर्माचा, हा प्रश्न तेथे कोणी विचारत नाही. कापणीनंतर रंगणाऱ्या झाडीपट्टीच्या नाटकांच्या धर्तीवर नाट्यमंडळाने हाच विषय रंगमंचावर आणण्यास हरकत नाही.

या सर्व उपक्रमांना एक मर्यादा आहे व ती पाळणे कॅथोलिक व्यवस्थापनाचे कर्तव्य आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २८(३) नुसार शासनमान्य अथवा अनुदानित संस्थेतील कोणाही विद्यार्थ्यास, तो अज्ञान असल्यास पालकाच्या संमतीवाचून, धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यावयास लावता येत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी इतर धर्मांविषयीचे आणि ख्रिस्ती शिक्षणाविषयीचे असे दोन्ही जाहीरनामे एकाच दिवशी प्रसृत केले. भारतीय कॅथोलिक बिशप परिषदेने २०२४ मध्ये आपल्या शाळांना दिलेल्या मार्गदर्शनात ख्रिस्ती प्रथा इतर धर्मांच्या मुलांवर लादू नयेत, सकाळच्या परिपाठात संविधानाची प्रास्ताविका म्हणावी आणि शक्य तेथे सर्वधर्मीय प्रार्थनाकक्ष असावा, असे सुचविले आहे.

व्यवहारात याचा अर्थ सोपा आहे. कचारगडला जाऊन माहिती घेणे हे शिक्षण. तेथील पूजेत प्रत्येकाला सामील करणे ही उपासना. दर्गा पाहणे व चादर चढविणे, नाताळचा देखावा पाहणे व मिस्सेला बसविणे यांत हाच भेद आहे. शालेय वर्षाच्या आरंभी मंडळाच्या कार्यक्रमांची यादी मराठीत छापून पालकांकडे पाठवावी. मूल कशात प्रेक्षक असेल व कशात सहभागी, हे तीत स्पष्ट असावे आणि नकार देणाऱ्या मुलाला त्या वेळी दुसरे काम मिळावे, एकटे बसवू नये.

आपली मुले ज्या शाळांत शिकतात, त्या सर्व काही कॅथोलिक नाहीत. संपूर्णपणे शासकीय निधीवर चालणाऱ्या शाळेत तर अनुच्छेद २८(१) अन्वये धार्मिक शिक्षण देताच येत नाही. खासगी अनुदानित शाळेत आपल्या मुलास एखाद्या पूजेत बसण्यास सांगितले गेल्यास पालकांनी मुख्याध्यापकांची भेट घेऊन, मुलाने कार्यक्रमास उपस्थित राहावे पण विधीत भाग घेऊ नये, असे नम्रपणे लेखी कळवावे.