ऊर्जाप्रवाह, परिसंस्थेतील

ऊर्जाप्रवाह, परिसंस्थेतील : सूर्यप्रकाशातील ऊर्जा वनस्पतींमार्फत अन्नरूपाने एका सजीवाकडून दुसऱ्याकडे जाण्याची एकदिशीय प्रक्रिया. हिरव्या वनस्पती व शैवले हे उत्पादक प्रकाशसंश्लेषणाने ऊर्जा साठवतात. तिचा काही भाग शाकाहारी व पुढे मांसाहारी प्राण्यांना मिळतो. प्रत्येक टप्प्यास पोषण पातळी म्हणतात. श्वसनात पुष्कळ ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते, तर काही अन्न न खाल्लेले वा न पचलेले राहते. त्यामुळे पुढील पातळीस ढोबळमानाने १० टक्केच ऊर्जा मिळते; परिसंस्थेनुसार हे प्रमाण बदलते. रेमंड लिंडमन यांनी मिनेसोटातील (अमेरिका) सीडर बॉग तळ्याच्या अभ्यासावरून १९४२ मध्ये या संकल्पनेचा पाया घातला.

फ्लॉरिडातील सिल्व्हर स्प्रिंग्ज झऱ्याचा ऊर्जा-ताळेबंद हॉवर्ड ओडम यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केला. तेथील उत्पादक प्रति चौ. मी. वर्षाला २०,८१० किलोकॅलरी ऊर्जा बांधत. शाकाहारींच्या वाट्याला ३,३६८, मांसाहारींच्या ३८३ आणि सर्वोच्च भक्षकांच्या केवळ २१ किलोकॅलरी येत.

निसर्गात अनेक अन्नसाखळ्या एकमेकींत गुंतून अन्नजाळे बनते. कोकणातील खाड्यांलगतच्या खारफुटीत गळलेली पाने जीवाणू व कवके कुजवतात. तो कुजका अंश खेकडे व कोळंबी खातात आणि त्यांच्यावर मासे व बगळे जगतात. पोषकद्रव्ये मातीपाण्यात परतून पुन्हा वापरली जातात. उष्णतेच्या रूपाने गेलेली ऊर्जा मात्र सजीवांना पुन्हा वापरता येत नाही. म्हणूनच अन्नसाखळीत बहुधा चार-पाचांहून अधिक पातळ्या आढळत नाहीत.