शाकारणी

आमच्या कल्याण-डोंबिवलीच्या आसपासच्या गावांत घर एकदा बांधलं की झालं, असं पूर्वी नव्हतं. कारवीच्या कुडाच्या भिंती, वर नळीची कौलं. वांदरं, मांजरं ती सरकवायची, म्हणून पावसाआधी शाकारणी आलीच. पण वेळ कुठून काढायचा? उन्हाळ्यात राब भाजायचे, वैशाखात लग्नं, मृगाच्या आत पेरणीची तयारी. त्यातूनच घराला दोन-चार दिवस मिळत.

बापये छपरावर चढत, शेजारी हातोहात कौलं देत. ते काम उरकायचं. कुड लिंपणं, भुई चोपणं, सारवणं मात्र बायकांकडे. ते बारा महिने संपत नसे. चुलीवर भात आणि कडेवर पोर असतानाच आई ते करायची.

बासेल मिशनने 1865 साली मंगलोरला कौलांचा कारखाना काढला. ती खाचेची कौलं पुढे कोकणभर गेली. आमच्याकडे ती आली आणि शाकारणी हलकी झाली, म्हणजे बापयांचं काम हलकं झालं. आईचं सारवण सुटलं ते घरात लाद्या बसल्यावर. घरात कोणती सुधारणा आधी होते, यावरून त्या घरात कोणाचं ऐकतात ते कळतं.

1983 साली कल्याणची महापालिका झाली, हळूहळू स्लॅबची घरं आली. आता सून लोकलने ठाण्याला नोकरीला जाते. यंदा रंगकाम काढलं, तेव्हा मुलाला सांगितलं, "सामान हलवणं, धूळ पुसणं, गड्यांचा चहा, हे तू नि मी बघायचं."