लोगो डिझाईन कसं शिकायचं? मोबाईलपासून सुरुवात करणाऱ्यांसाठी संपूर्ण माहिती



"लोगो बनवायला शिकायचंय, पण चित्रकला येत नाही आणि लॅपटॉपही नाही." असं म्हणणारे बरेच जण मला भेटतात. चांगली बातमी अशी की लोगो शिकायला चित्रकार असावं लागत नाही, आणि पहिले काही आठवडे मोबाईल आणि कागद-पेन्सिल पुरते.

मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, डिझायनर नाही. पण ॲप बनवताना ग्राहकाचा लोगो आमच्या टेबलावर येतोच. बऱ्याचदा तो असतो व्हॉट्सॲपवरून आलेला धूसर फोटो. मूळ फाईल मागितली की उत्तर ठरलेलं, "ज्याने बनवला त्याच्याकडे असेल." मग तोच लोगो नव्याने आखावा लागतो आणि पैसे पुन्हा त्या दुकानदाराच्या खिशातून जातात. म्हणून या लेखात फक्त "कोणतं ॲप वापरायचं" एवढंच न सांगता, देवनागरी अक्षरं, फाईल आणि हक्क यांचीही माहिती देतोय. चला, सुरुवात करूया.

लोगो म्हणजे नक्की काय?

लोगो म्हणजे एखाद्या व्यवसायाची किंवा संस्थेची ओळख पटवणारी खूण. ती दुकानाची सगळी माहिती सांगत नाही. पत्ता, फोन नंबर, "आमची कोठेही शाखा नाही" हे सगळं पाटीवर लिहायचं, लोगोत नाही.

लोगोचे मुख्य प्रकार असे:

१. अक्षर-लोगो: फक्त नाव, विशिष्ट वळणात लिहिलेलं. उदा. फेडेक्स. १९९४ मध्ये लिंडन लीडर यांनी केलेल्या या लोगोत ई आणि एक्स या अक्षरांच्या मधल्या रिकाम्या जागेत बाण दिसतो.
२. चिन्ह-लोगो: नाव नसलं तरी ओळखू येणारी आकृती. उदा. स्टेट बँकेचं निळं वर्तुळ. ते १९७१ मध्ये एनआयडीच्या शेखर कामत यांनी केलं.
३. जोड-लोगो: चिन्ह आणि नाव दोन्ही. नव्या व्यवसायाला हाच बरा, कारण नुसत्या चिन्हावरून त्याला अजून कुणी ओळखत नसतं.
४. शिक्का-लोगो: वर्तुळात किंवा ढालीत सगळं बसवलेलं. शाळा, मंडळं, क्लब यांच्याकडे दिसतो.

आपल्या जवळचं एक उदाहरण बघा. स्वच्छ भारत अभियानाचा लोगो २०१४ मध्ये मायगव्ह संकेतस्थळावरच्या खुल्या स्पर्धेतून निवडला गेला आणि तो केला होता कोल्हापूरच्या अनंत खासबारदार यांनी. गांधीजींचा चष्मा, एका काचेत "स्वच्छ", दुसऱ्या काचेत "भारत". बस्स, एवढंच. झाडू नाही, कचरापेटी नाही, हात जोडलेली माणसं नाहीत. तरी सगळ्यांना कळलं. लोगोत काय घालायचं यापेक्षा काय गाळायचं हे शिकणं जास्त महत्त्वाचं, ते असं.

चांगला लोगो कसा ओळखायचा? चार चाचण्या

- लहान करून बघा. ब्राउझरच्या टॅबवरचं चिन्ह १६ बाय १६ पिक्सेलचं असतं. एवढ्या आकारात काहीतरी ओळखू यायला हवं.
- एकाच रंगात बघा. बिलबुक, रबरी शिक्का, पिशवीवरची छपाई इथे बहुतेक वेळा एकच रंग मिळतो.
- गोलात बसवून बघा. व्हॉट्सॲपचा डीपी गोल कापला जातो. लांबट लोगोची टोकं तिथे गायब होतात.
- दुसऱ्याला दोन सेकंद दाखवून झाका आणि "काय बघितलंस?" असं विचारा. उत्तर आलं नाही तर लोगोत गर्दी जास्त आहे.

रास्टर आणि व्हेक्टर: हा फरक आधी समजून घ्या

फोटो म्हणजे रंगीत ठिपक्यांची जाळी. त्याला रास्टर म्हणतात. जेपीजी आणि पीएनजी या रास्टर फाईली. मोठी केली की ठिपके दिसायला लागतात.

व्हेक्टर फाईलमध्ये ठिपके नसतात, सूचना असतात: या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत असा वक्र काढ, आत हा रंग भर. मोबाईलचं आयकॉन असो की रस्त्यावरचं २० फुटी फ्लेक्स, कॉम्प्युटर तीच सूचना वाचून पुन्हा नव्याने आकृती काढतो. त्यामुळे कडा कधीच फाटत नाहीत. एसव्हीजी ही व्हेक्टर फाईल आहे. पीडीएफमध्येही व्हेक्टर ठेवता येतं.

इथे एक गैरसमज दूर करतो. जेपीजीला ऑनलाईन "कन्व्हर्ट टू एसव्हीजी" केलं म्हणून चांगला व्हेक्टर लोगो मिळतोच असं नाही. धूसर फोटो दिला तर कॉम्प्युटर त्या धूसर कडाच आखून देतो. नीट लोगो हवा असेल तर तो व्हेक्टरमध्येच काढायला हवा.

कोणतं ॲप वापरायचं?

मोबाईलवर: पिक्सेललॅब आपल्याकडे खूप वापरलं जातं. वाढदिवसाच्या बॅनरला ते झकास आहे, पण ते देतं रास्टर फाईल. कॅनव्हावर रचना आणि रंग यांचा सराव होतो, मात्र एसव्हीजी डाऊनलोड पैसे भरणाऱ्यांसाठी आहे. अँड्रॉइडवर व्हेक्टरचा सराव करायचा तर इन्फिनाइट डिझाईन बघा.

कॉम्प्युटरवर: इंकस्केप घ्या. ते मोफत आणि मुक्त-स्रोत आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हीवर चालतं आणि मुळातच एसव्हीजीवर काम करतं. घरी कॉम्प्युटर नसेल तर कॉलेजच्या लॅबमध्ये आठवड्यातून दोन तास मिळाले तरी पुरेत. ॲडोबी इलस्ट्रेटर आणि कोरलड्रॉ ही विकतची साधनं. आपल्याकडच्या बऱ्याच डीटीपी आणि फ्लेक्सवाल्यांकडे कोरलच असतं, त्यामुळे पुढे कधीतरी ते हाताळावं लागेल. पण शिकण्यासाठी चोरीचं सॉफ्टवेअर टाकायची काहीच गरज नाही.

देवनागरी लोगो: इथे आपण पुढे जाऊ शकतो

बहुतेक व्हिडिओ रोमन अक्षरं धरून शिकवतात. देवनागरीचे प्रश्न आणि गमती वेगळ्या आहेत.

पहिली गोष्ट, शिरोरेषा. ती अक्षरांना बांधते, आणि तीच लोगोची कल्पनाही होऊ शकते. आपल्या रुपयाचं चिन्ह घ्या. २०१० मध्ये स्वीकारलेलं हे चिन्ह डी. उदय कुमार यांनी केलं. ते तेव्हा मुंबईच्या आयआयटीशी जोडलेले होते. देवनागरी "र" आणि रोमन "आर" यांचा मेळ, आणि वर शिरोरेषा.

दुसरी गोष्ट, जागा. देवनागरीत वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार येतात. दोन ओळी जवळ आणल्या की वरचा उकार खालच्या मात्रेला धडकतो. म्हणून ओळींमध्ये रोमनपेक्षा जास्त अंतर ठेवा.

तिसरी गोष्ट, मराठी वळण. "ल" आणि "श" यांची मराठी आणि हिंदी वळणं वेगळी आहेत. अनेक फॉन्टमध्ये हिंदी वळणच आधी येतं. तसंच "दऱ्या", "सुऱ्या" यातला अर्धा र नीट दिसतो का ते तपासा. मराठी ग्राहकाच्या डोळ्याला हे लगेच खटकतं.

फॉन्टसाठी मुक्त परवान्याचे पर्याय भरपूर आहेत: मुंबईच्या एक टाईप संस्थेचे मुक्ता, बलू आणि मोदक, इंडियन टाईप फाउंड्रीचे हिंद आणि पॉपिन्स. हे सगळे गूगल फॉन्ट्सवर आहेत आणि त्यांचा परवाना व्यावसायिक वापराला परवानगी देतो. "फ्री डाऊनलोड" लिहिलेल्या कुठल्याही साईटवरचा फॉन्ट मात्र परवाना वाचल्याशिवाय ग्राहकाच्या कामात वापरू नका. बऱ्याच फॉन्टवर "फक्त वैयक्तिक वापरासाठी" अशी अट असते.

सराव: "डबा" हा लोगो करून बघूया

समजा, घरगुती जेवणाचे डबे देणाऱ्या काकूंसाठी लोगो करायचाय.

पायरी १: आधी प्रश्न विचारा. डबे कोण घेतं? विद्यार्थी की ऑफिसवाले? लोगो कुठे छापणार? पिशवीवर, स्टिकरवर, की फक्त व्हॉट्सॲपवर? उत्तरं लिहून ठेवा.

पायरी २: कागदावर २० छोटी चौकटं आखा आणि प्रत्येकात वेगळी कल्पना काढा. पहिल्या पाच-सहा सगळ्यांना सुचतात त्याच असतात: चमचा, वाफ, पोळी. त्या काढून संपल्या की पुढे काहीतरी वेगळं हाताला लागतं.

पायरी ३: एक कल्पना निवडा. उदाहरणार्थ, "डबा" शब्दाची शिरोरेषा हेच डब्याचं झाकण, आणि त्यावर एक वक्र कडी. वेगळं चित्र काढायची गरजच नाही.

पायरी ४: रेखाटनाचा फोटो काढून ॲपमध्ये सगळ्यात खालच्या थरावर ठेवा. पेन टूलने वरून आखा. बिंदू जितके कमी, तितका वक्र गुळगुळीत.

पायरी ५: काळ्या-पांढऱ्यातच पूर्ण करा. रंग शेवटी, आणि दोनपेक्षा जास्त नको. रंगाने आकाराची कमजोरी झाकली जाते, म्हणून हा क्रम.

पायरी ६: वरच्या चारही चाचण्या घ्या. कडी १६ पिक्सेलला दिसेनाशी झाली तर जाड करा.

ग्राहकाला काय काय द्यायचं?

- एसव्हीजी आणि पीडीएफ. त्यातली अक्षरं आकृतीत बदललेली हवीत. इंकस्केपमध्ये "ऑब्जेक्ट टू पाथ", कोरलमध्ये "कन्व्हर्ट टू कर्व्ह्ज". हे केलं नाही आणि छापणाऱ्याकडे तो फॉन्ट नसला, तर जोडाक्षरं तुटून छापली जातात.
- पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी. ॲप असेल तर ५१२ बाय ५१२ पिक्सेलची वेगळी, कारण प्ले स्टोअरला तोच आकार लागतो.
- एकरंगी काळी आणि एकरंगी पांढरी आवृत्ती.
- रंगांचे कोड एका छोट्या नोंदीत.

फाईली झिप करून ई-मेलने किंवा ड्राईव्हवरून पाठवा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवल्या तर दाबून लहान होतात. पाठवायच्याच तर "डॉक्युमेंट" म्हणून.

हक्क आणि कायदा: पैसे घ्यायच्या आधी वाचा

लोगो कोणाचा? तुम्ही नोकरीत असताना केलेला लोगो सहसा मालकाचा. पण स्वतंत्रपणे करून दिलेल्या लोगोचा कॉपीराईट, भारताच्या १९५७ च्या कायद्यानुसार, साधारणपणे करणाऱ्याकडेच राहतो. तो ग्राहकाला द्यायचा तर लेखी आणि सही केलेला करार लागतो. करारात मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. म्हणून एका पानावर स्पष्ट लिहा: कोणता लोगो, किती रक्कम, कायमस्वरूपी आणि जगभरासाठी हक्क. यात दोघांचंही भलं आहे.

टेम्प्लेटचा लोगो: ॲपमधलं तयार चित्र तुमच्यासारखंच इतर कुणीही वापरू शकतं. त्यामुळे त्यावर एकट्याचा ट्रेडमार्क हक्क सांगता येत नाही. कॅनव्हाच्या अटींतही हे स्पष्ट आहे. ग्राहक उद्या नोंदणी करायला गेला की अडकतो. सरावाला टेम्प्लेट ठीक, विकायला नाही.

ट्रेडमार्क: व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगांना ऑनलाईन अर्जाची सरकारी फी प्रत्येक वर्गासाठी ४,५०० रुपये आहे, इतरांना ९,००० रुपये. एकूण ४५ वर्ग आहेत. मसाले ३० व्या वर्गात, खानपान सेवा ४३ व्या वर्गात. नोंदणी १० वर्षं टिकते, मग नूतनीकरण. सारखं चिन्ह आधीच कुणाचं आहे का, हे सरकारी संकेतस्थळावर मोफत शोधता येतं. नुसता "डबा" हा शब्द मात्र डब्याच्या व्यवसायासाठी नोंदवणं अवघड, कारण तो वस्तूचंच वर्णन करतो. तसंच गोलातलं "आर" हे चिन्ह नोंदणी झाल्याशिवाय लावणं बेकायदेशीर आहे. तोवर "टीएम" चालतं.

महाराष्ट्रात विशेष लक्षात ठेवा: १९५० च्या बोधचिन्हे आणि नावे कायद्याच्या यादीत छत्रपती शिवाजी महाराज आणि महात्मा गांधी यांचं नाव व चित्र आहे. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ते धंद्यासाठी किंवा ट्रेडमार्कमध्ये वापरता येत नाही. चार सिंहांच्या राजमुद्रेसाठी २००५ चा वेगळा कायदा आहे. ग्राहकाची श्रद्धा कितीही खरी असली, तरी त्याला हे आधीच सांगणं तुमचं काम.

पहिल्या महिन्याचा सराव

- आठवडा १: रोज गावातल्या किंवा गल्लीतल्या एका पाटीचा फोटो काढा. काय वाचता येतं, काय नाही, दोन ओळीत लिहा.
- आठवडा २: पेन टूल. स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर रोज आखा.
- आठवडा ३: तीन काल्पनिक व्यवसायांसाठी प्रत्येकी २० रेखाटनं.
- आठवडा ४: त्यातला एक लोगो पूर्ण करा, सगळ्या फाईलींसह.

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एआयने लोगो बनवला तर चालेल का?
कल्पना सुचण्यासाठी वापरा. पण एआय बहुतेक वेळा रास्टर चित्र देतं आणि देवनागरी जोडाक्षरं अनेकदा चुकवतं. शेवटचा लोगो स्वतः आखा.

पहिलं काम कुठे मिळेल?
ओळखीतला बचत गट, गणेश मंडळ, कॉलेजचा कार्यक्रम. मायगव्हवर खुल्या लोगो स्पर्धाही येतात. भाग घेण्याआधी नियमांत हक्क कोणाकडे जाणार ते वाचा.

किती पैसे घ्यावेत?
लागणारे तास मोजा, तासाचा दर ठरवा आणि किती वेळा बदल करून देणार ते आधीच लिहा. अर्धी रक्कम सुरुवातीला घ्या.

तर मित्रांनो, आज एक काम करा. कागदावर २० चौकटं आखा आणि घराजवळच्या एखाद्या दुकानासाठी कल्पना काढायला लागा. अडलं तर कमेंटमध्ये विचारा, आणि एखाद्या मित्राचा व्यवसाय सुरू होत असेल तर त्याला हक्कांचा भाग नक्की वाचायला द्या.