हिंदू स्त्रीचा वारसा: अधिनियम, निर्णय आणि लोकसमजूत
(कोथरूडच्या संदर्भात एक विवेचन)

कायद्याचा इतिहास म्हणून आपण बहुधा अधिनियमांचा इतिहास लिहितो. अमुक साली अमुक सुधारणा झाली, अमुक वर्गाला अमुक हक्क मिळाला, असे नमूद केले की आपले काम संपले असे वाटते. वस्तुतः तेथे ते सुरू होते. अधिनियमाचे शब्द, न्यायालयाने त्या शब्दांचा लावलेला अर्थ आणि तो अर्थ लोकांच्या कानी ज्या रूपाने गेला ते रूप, या तीन भिन्न गोष्टी आहेत. हिंदू स्त्रीच्या वारसाहक्कापुरते हे अंतर गेल्या पावणेदोनशे वर्षांत कसे पडत गेले, हे पाहण्याचा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

या विवेचनासाठी कोथरूडचे उदाहरण सोयीचे आहे. पुण्याच्या पश्चिमेचे हे शेतकऱ्यांचे गाव विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहरात मिसळून गेले आणि जेथे पिके उभी राहत त्या सर्व्हे नंबरांवर गृहरचना संस्थांच्या इमारती उभ्या राहिल्या. जमीन पिकापुरती होती तोपर्यंत लग्न झालेल्या मुलीने माहेरच्या शेतात वाटा मागणे लोकरीतीला रुचत नसे. जमिनीची किंमत चौरस फुटावर ठरू लागली तेव्हा बहिणीची सही ही भावांच्या आणि बांधकाम व्यावसायिकांच्या दृष्टीने अत्यावश्यक वस्तू झाली. योगायोग असा की, वारसाच्या कायद्यातील मोठे फेरफारही याच काळात घडले. म्हणून येथील एखाद्या कुटुंबाच्या वाटपाचा प्रश्न ‘मुलींना समान हक्क मिळाला’ एवढ्या वाक्याने सुटत नाही. कोणत्या मुलीला, कोणत्या मिळकतीत आणि कोणत्या तारखेपासून, हे तीन प्रश्न प्रत्येक वेळी विचारावेच लागतात.

आरंभ १८५६ च्या विधवाविवाह अधिनियमापासून करणे योग्य होईल. कोथरूडला लागून असलेल्या हिंगणे येथे धोंडो केशव कर्वे यांनी १९०० मध्ये आपला अनाथ बालिकाश्रम आणला. तत्पूर्वी १८९३ मध्ये त्यांनी स्वतः एका विधवेशी विवाह केला होता आणि तो विवाह कायदेशीर ठरण्यास आधार होता तो याच अधिनियमाचा. सुधारकांच्या लेखनात या अधिनियमाचे पहिले कलम गाजले. दुसऱ्या कलमाची चर्चा त्या मानाने थोडी झाली. त्या कलमानुसार पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा पहिल्या पतीच्या मिळकतीतील हक्क, जणू ती त्या वेळी मृत झाली असे समजून, संपुष्टात येत असे.

आता प्रश्न असा की, ज्या जातींत ‘पाट’ पूर्वापार रूढ होता आणि ज्यांना या अधिनियमाची गरजच नव्हती, त्या जातींतील विधवांना हे कलम लागू होते काय? अलाहाबाद उच्च न्यायालयाने १८८९ पासून नकारार्थी मत दिले. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने १८९६ मध्ये विठू विरुद्ध गोविंदा या निर्णयात उलट मत स्वीकारले. रूढी जातिपरत्वे भिन्न असे; या प्रांतात ती एका कलमाच्या अंमलाखाली आली. ज्या कायद्याकडे उच्चवर्णीय विधवेची सुटका म्हणून पाहिले गेले, तोच कायदा शेतकरी जातींतील पाट लावणाऱ्या स्त्रीच्या जमिनीला बाधक ठरू शकला. नाव एक, परिणाम दोन. हा अधिनियम १९८३ मध्ये रद्द झाला. १९५६ च्या कायद्याखाली पतीचा वारसा एकदा मिळाल्यानंतर पुनर्विवाहाने तो जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केले. तथापि पुनर्विवाह केला की पहिल्या घरचे सारे सुटते, ही समजूत अद्याप ऐकू येते. रद्द झालेले कलम लोकांच्या समजुतीत असे दीर्घकाळ टिकून राहते.

दुसरा टप्पा १९३७ चा. मुंबईचे शल्यविशारद डॉ. गो. वि. देशमुख यांच्या प्रयत्नाने केंद्रीय विधिमंडळात हिंदू स्त्रियांच्या मालमत्तेच्या हक्काचा अधिनियम संमत झाला. एकत्र कुटुंबातील मृत पतीचा हितसंबंध विधवेस मिळू लागला, परंतु तो मर्यादित मालकीच्या स्वरूपात. पुढे १९४१ मध्ये फेडरल कोर्टाने असा अभिप्राय दिला की, प्रांतांतील शेतजमिनीस हा अधिनियम लागू होत नाही. शेतजमीन हा प्रांतांच्या अधिकारातील विषय असल्यामुळे त्यासाठी निरनिराळ्या प्रांतांना स्वतंत्र कायदे करावे लागले. ज्या देशात बहुसंख्य कुटुंबांची मिळकत म्हणजे शेतीच होती, तेथे या अभिप्रायाचा अर्थ काय झाला हे वेगळे सांगावयास नको.

याच वर्षी हिंदू कायद्याच्या विचारार्थ राव समिती नेमली गेली. पुण्याच्या लॉ कॉलेजचे पहिले प्राचार्य ज. र. घारपुरे हे तिचे एक सदस्य होते. मिताक्षरा व व्यवहारमयूख या ग्रंथांचे भाषांतर करणारा पंडित नव्या संहितेच्या सिद्धतेत सहभागी व्हावा, ही घटना अर्थपूर्ण आहे. पुण्याच्या प्रदेशात हे दोन्ही ग्रंथ प्रमाण मानले जात. मुंबई इलाख्याच्या परंपरेत पित्याचा वारसा मिळालेली कन्या त्या मिळकतीची पूर्ण मालक होई, हे येथील वैशिष्ट्य होते. पण हा लाभ होण्यास भाऊ नसणे व आईचा काळ संपणे आवश्यक असे. म्हणजे मालकी पूर्ण, परंतु पाळी शेवटची, अशी ती स्थिती होती.

१७ जून १९५६ रोजी हिंदू उत्तराधिकार अधिनियम अंमलात आला. कलम १४ ने स्त्रीची मर्यादित मालकी पूर्ण मालकीत परिणत केली. कलम ६ मात्र तडजोडीचे होते. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मसिद्ध हक्क पुत्रांचाच राहिला. पित्याच्या मृत्यूसमयी वाटप झाले असे कल्पून त्याच्या वाट्यास जे येईल तेवढ्यातच कन्येस भाग मिळू लागला. या ‘काल्पनिक वाटपा’चा हिशेब कसा करावयाचा, हे ठरण्यास दोन दशके लागली. सांगलीच्या दिवाणी न्यायालयात १९६२ मध्ये दाखल झालेल्या एका दाव्यात विधवा, दोन पुत्र व तीन कन्या असे सहा वारस होते. विधवेस १/२४ भाग द्यावयाचा की ७/२४, असा वाद होता. काल्पनिक वाटपात तिला स्वतःचा १/४ भाग मिळतो असे धरल्यास, पतीच्या १/४ भागातील एक षष्ठांश त्यात मिळवून ७/२४ होतात. तसे न धरल्यास केवळ १/२४ उरतो. गुरुपाद विरुद्ध हिराबाई या नावाने प्रसिद्ध असलेल्या १९७८ च्या निर्णयात सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी ७/२४ हा हिशेब मान्य केला. चंद्रचूड हे पुण्याच्या लॉ कॉलेजचेच विद्यार्थी होत. अधिनियमाचे एक अक्षरही न बदलता विधवेचा वाटा सातपट झाला. निर्णयांकडे लक्ष न देता केवळ अधिनियम वाचणाऱ्याच्या दृष्टीतून नेमके काय निसटते, हे यावरून ध्यानी यावे.

महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून कन्येस जन्मसिद्ध सहदायाद केले. पण त्या दिवसापूर्वी विवाह झालेल्या कन्या वगळल्या. केंद्राच्या २००५ च्या दुरुस्तीने ९ सप्टेंबर २००५ पासून विवाहित-अविवाहित हा भेद नाहीसा झाला. २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेली हस्तांतरणे व वाटपे मात्र अबाधित ठेवली. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने २०१४ मध्ये सांगितले की, दुरुस्तीच्या दिवशी हयात असलेल्या कन्येस हा हक्क आहे, मग तिचा जन्म केव्हाही झालेला असो. पुढल्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने फुलवती प्रकरणात त्या दिवशी पिताही हयात असला पाहिजे, असे म्हटले. २०१८ मधील दानम्मा प्रकरणात पिता आधीच मृत असूनही कन्यांना वाटा दिला. अखेर ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात त्रिसदस्य पीठाने पित्याच्या हयातीची अट काढून टाकली. केवळ तोंडी वाटप झाले होते हा बचाव सहसा मान्य होणार नाही. सरकारी दप्तरातील पुराव्याने तो निर्विवाद सिद्ध व्हावा लागेल, असेही त्या पीठाने सांगितले.

याचा व्यवहारातील अर्थ एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट करू. कोथरूडच्या एका शेतकरी कुटुंबात आई आधी वारलेली, पित्याचा मृत्यू १९८० मध्ये झाला, मागे दोन पुत्र व एक कन्या. एकत्र कुटुंबाची जमीन अद्याप अविभक्त आहे. जुन्या हिशेबाने पित्याचा काल्पनिक वाटा १/३ आणि त्यात कन्येचा भाग १/९. कन्या २००५ मध्ये हयात असेल, तर २०२० च्या निर्णयानुसार तिचा भाग १/३ होतो. हीच जमीन १९९० मध्ये रीतसर खरेदीखताने विकली गेली असेल, तर या दुरुस्तीच्या आधारे ते खत उलटविता येत नाही. १/९ आणि १/३ यांतील अंतर शहरी जमिनीच्या भावात मोजले म्हणजे तारखेचे महत्त्व समजते. याउलट, पित्याचा मृत्यू १९५६ पूर्वीचा असून मागे विधवा होती, अशा प्रकरणी कन्येस पित्याकडून वारसा मिळत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ठरविले आहे.

अंतराचे आणखी एक कारण भाषेत आहे. ‘सहदायाद’ हा परिभाषेतील शब्द अचूक असला तरी लोकांच्या तोंडी नाही. लोक ‘वडिलोपार्जित’ म्हणतात. हा शब्द सोपा खरा, परंतु तो दिशाभूल करतो. आजोबांनी स्वकष्टाने मिळविलेली मिळकत १९५६ नंतर कलम ८ नुसार पित्यास मिळाली, तर ती पित्याची स्वतंत्र मिळकत होते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये चंदर सेन प्रकरणात ठरविले. तिच्यात नातवास किंवा नातीस जन्माने हक्क नाही आणि पिता तिचे मृत्युपत्र करू शकतो. बोलीच्या अर्थाने ती वडिलोपार्जितच आहे. कायद्याच्या अर्थाने नाही. ज्यास कायदा मराठीत समजावून सांगावयाचा आहे, त्याने भाषांतरावर न थांबता प्रचलित शब्दाचा अर्थ कोठे संपतो हेही सांगितले पाहिजे.

हीच गोष्ट कागदांची. सातबाऱ्यावरील वा मिळकतपत्रिकेवरील फेरफार नोंद ही महसुली नोंद होय. तिने मालकी उत्पन्न होत नाही, तशी नाव नसल्याने ती नष्टही होत नाही. हक्कसोडपत्र मात्र नोंदणीकृत दस्त असते आणि त्याने हक्क खरोखरच जातो. ‘वारस नोंदीसाठी सही हवी’ असे सांगून पुढे केलेला कागद या दोहोंपैकी कोणता आहे, हे सही करणारीला ठाऊक असणे, एवढ्यावर एका पिढीची मिळकत अवलंबून असू शकते.

वरील इतिहासावरून एक निष्कर्ष निघतो. स्त्रीचा हक्क प्रत्येक टप्प्यावर अधिनियमाने जाहीर केला, निर्णयाने मोजला आणि लोकसमजुतीने बहुधा एक टप्पा मागे राहून स्वीकारला. १८९६ मध्ये निर्णयाने हक्क आकुंचित केला, १९७८ व २०२० मध्ये विस्तृत केला. यांपैकी कोणतीही गोष्ट अधिनियमाच्या नावावरून ओळखता आली नसती. म्हणून कायदा लोकांस सांगणाऱ्याने निकालाची वार्ता देऊन थांबू नये. पूर्वी काय होते, कोणत्या दिवसापासून काय बदलले आणि कशास हात लागलेला नाही, हे त्याने क्रमाने सांगावे. हे काम वकिलाचे आहे तितकेच इतिहासाच्या अभ्यासकाचेही आहे. कोथरूडसारख्या उपनगरांतील फेरफार नोंदी, वाटपपत्रे व हक्कसोडपत्रे यांचा कालक्रमाने अभ्यास झाला, तर १९५६, १९९४ आणि २००५ या तीन तारखांपैकी कोणती प्रत्यक्षात घरापर्यंत पोहोचली आणि कोणती कागदावरच राहिली, हे पुराव्यानिशी दाखविता येईल. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हे दप्तर हाती घ्यावे, इतके ते मोलाचे आहे.