वालचंदांचे विमान आणि कळंबचे रॉकेट

इंदापूर तालुक्यातील कळंबला लागून वालचंदनगर वसले आहे. उसाचे आणि साखरेचे गाव ही त्याची जुनी ओळख. तेथील यंत्रशाळेचा इस्रोशी संबंध मात्र १९७३ पासूनचा आहे. पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्याची पोलादी कवचे ज्या मोजक्या कारखान्यांत घडली, त्यांत हा एक. परंतु ज्यांचे नाव या गावाला आहे, त्यांनी ध्यास घेतला होता तो विमानाचा.

१९३९ मध्ये शेठ वालचंद हिराचंद मोटार कारखान्याच्या खटपटीसाठी अमेरिकेस गेले होते. परतीच्या विमानप्रवासात त्यांची गाठ विल्यम पॉली या अमेरिकी उद्योजकाशी पडली. पॉली चीनमध्ये विमाने बांधीत असे. चीनमध्ये जे घडते ते हिंदुस्थानात का घडू नये, हा प्रश्न वालचंदांच्या मनात रुजला. युद्धाची झळ लागेपर्यंत सरकार उदासीन राहिले; म्हैसूर संस्थानाने मात्र हात दिला. दिवाण सर मिर्झा इस्माईल यांच्या पाठिंब्याने २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली. ऑगस्ट १९४१ मध्ये तेथे जुळवलेले हार्लो जातीचे पहिले शिकाऊ विमान आकाशात झेपावले.

ते विमान उचलले कशाने? पंखावरून जाणारी हवा आणि खालून जाणारी हवा एकाच वेळी मागच्या कडेशी पोहोचते, म्हणून वरची अधिक वेगाने धावते, असे पुष्कळ पुस्तकांत लिहिलेले असते. हे स्पष्टीकरण चुकीचे आहे. वरची हवा प्रत्यक्षात आधीच पोहोचते. किंचित तिरका धरलेला पंख हवेचा प्रवाह खाली वळवतो आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून हवा पंखाला वर उचलते. पंखाच्या वर दाब कमी आणि खाली अधिक, हे त्याच घटनेचे दुसरे अंग. वेग दुप्पट झाला की उचल चौपट होते. तिरकेपणा साधारण १५ अंशांपलीकडे गेला, तर मात्र प्रवाह पंखाला सोडून देतो आणि उचल कोसळते.

या साऱ्याचे भांडवल हवा. ३० किलोमीटर उंचीवर तिची घनता जमिनीलगतच्या दीड टक्क्यावर येते. अवकाशयानांचे संगणकीय खेळ खेळणाऱ्या मुलांना हे लवकर उमगते: हौसेने लावलेले पंख वर गेल्यावर निव्वळ ओझे ठरतात.

पीएसएलव्हीला म्हणूनच पंख नाहीत. त्याच्या पहिल्या टप्प्याचे कवच २.८ मीटर व्यासाचे, मॅरेजिंग पोलादाचे. आत सुमारे १३९ टन घन इंधन. विमान वळते ते पंखांच्या मागील हलत्या पट्ट्यांमुळे. येथे ते काम निराळ्या रीतीने होते: नळीतून बाहेर पडणाऱ्या ज्वाळेत एका बाजूने स्ट्रॉन्शियम परक्लोरेटचे द्रावण फवारतात आणि झोत कलतो.

वालचंदांना यातले काही पाहता आले नाही. जपानी फौजा ब्रह्मदेशात शिरल्या असताना, एप्रिल १९४२ मध्ये सरकारने त्यांचा हिस्सा विकत घेतला. उभारणीनंतर सव्वा वर्षातच कारखाना त्यांच्या हातून गेला. पैसा मिळाला, पण विमान बांधण्याची संधी गेली. ८ एप्रिल १९५३ रोजी त्यांचे निधन झाले. त्या कारखान्याचे पुढे एचएएल झाले.

पंख मात्र अवकाशाच्या वाटेवर परत आले, ते उतरण्यासाठी. २३ मे २०१६ रोजी इस्रोने त्रिकोणी पंखांचे छोटे यान रॉकेटने सुमारे ६५ किलोमीटर उंचीवर नेले. परतताना हवा दाट होत गेली, तसे पंख पुन्हा कामाला आले आणि यान बंगालच्या उपसागरावर तरंगत उतरले. २२ मार्च २०२४ रोजी त्याच जातीचे ‘पुष्पक’ हेलिकॉप्टरमधून सोडण्यात आले. ते स्वतःहून दिशा धरून धावपट्टीवर टेकले. ही धावपट्टी चित्रदुर्ग जिल्ह्यात, जुन्या म्हैसूर संस्थानाच्याच मुलखात आहे.