मद्यमुक्तीच्या सभेचा शोध : धाराशिव जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रास्ताविक

महाराष्ट्रातील दारूच्या प्रश्नाचा इतिहास बहुधा अबकारी, दारूबंदी आणि स्त्रियांची आंदोलने या अंगांनी सांगितला जातो. ज्याला दारू सोडावयाची आहे त्याने जावे कोठे, हा प्रश्न त्यात क्वचितच येतो. प्रस्तुत लेखात परस्पर-साहाय्याच्या सभेचा उगम आणि धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यात ती शोधणाऱ्यासमोरील अडचणी यांचा विचार केला आहे.

शोधातून जन्मलेली सभा

या सभेचा जन्मच मुळी एका शोधातून झाला. मे १९३५ मध्ये बिल विल्सन हा न्यूयॉर्कचा शेअर व्यवसायातील गृहस्थ अमेरिकेतील ॲक्रन शहरी कामानिमित्त आला होता. दारू सोडून त्यास काही महिने झाले होते. काम फिसकटले आणि हॉटेलातील मद्यगृह समोर दिसू लागले. त्याने तेथील दूरध्वनीवरून एका धर्मोपदेशकास गाठले. त्याला उपदेश नको होता. आपल्यासारखाच एखादा दारुडा भेटावा, एवढीच त्याची इच्छा होती. अशा रीतीने त्याची शल्यचिकित्सक डॉ. बॉब स्मिथ यांच्याशी गाठ पडली. १० जून १९३५ हा 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस'चा स्थापनादिन मानला जातो. व्यसनी माणसाचे बोलणे व्यसनी माणूसच ऐकून घेतो, हा या भेटीचा अनुभव पुढे सभेचा पाया ठरला. भारतात ही चळवळ १९५७ मध्ये सुरू झाली.

मराठी समाजात या विचाराला व्यापक रूप मिळाले ते पुण्याच्या मुक्तांगणमुळे. अनिल अवचट यांचे 'गर्द'विषयीचे लेखन वाचून पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांनी आर्थिक साहाय्य देऊ केले. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात केंद्र उघडले. गर्दसाठी निघालेल्या या केंद्रात पुढे दारूचे रुग्ण मोठ्या संख्येने येऊ लागले. उपचारानंतरचा पाठपुरावा आणि पत्नींसाठीचा स्वतंत्र गट, या दोन गोष्टींनी सभेचे मूळ रूप बदलले. एकट्या माणसाच्या जागी कुटुंब आले.

धाराशिवची पार्श्वभूमी

धाराशिव १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. तेथे अबकारी हे सरकारी उत्पन्नाच्या प्रमुख साधनांपैकी एक होते. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९४९ चा दारूबंदी कायदा १९५९ मध्ये या भागास लागू झाला. पुढे बंदी शिथिल झाली आणि परवाने वाढले. महसूल असो वा बंदी, शासनाची नजर बाटलीवरच राहिली. २००८ च्या शासननिर्णयाने गावातील स्त्रियांना मतदानाद्वारे दुकान बंद करण्याचा मार्ग अधिक स्पष्ट झाला. परंतु 'आडवी बाटली' झालेल्या गावातील पिणाऱ्याचे पुढे काय, हे त्यात नव्हते. असावे, अशी अपेक्षाही कोणी केली नाही.

अनामिकता आणि गाव

दारू सोडण्याची देशी रीत येथे पूर्वापार आहे. संत गोरा कुंभारांचे तेर याच जिल्ह्यातले. गळ्यात तुळशीची माळ घातली की मद्य-मांस वर्ज्य, आणि त्याला साक्षी सारा गाव. या व्रताने असंख्य संसार सावरले असतील. तथापि माळकऱ्याचे पाऊल घसरले तर तो तोंड लपवतो. माळ उतरवून ठेवण्यापलीकडे त्याला वाट उरत नाही. सभेची रीत नेमकी उलट आहे. काल प्यालेला माणूस आज पुन्हा त्याच खुर्चीवर येऊन बसू शकतो. त्याला तेथे आडनाव विचारले जात नाही.

हे अनामिकतेचे तत्त्व मात्र शहरात घडलेले आहे. दोन हजार वस्तीच्या गावात शाळेबाहेर कोणाची मोटारसायकल उभी आहे, हे कोणापासून लपत नाही. साहजिकच जिल्ह्यातील माणसाला ओळखीच्या गावापेक्षा सोलापूर वा लातूर सोयीचे वाटते. पण सभा संध्याकाळची असेल तर शेवटची एस.टी. चुकते. गावी सभेचा पत्ता कळतो तो बहुधा दवाखान्यातून किंवा उपचार घेऊन परतलेल्या एखाद्या सोबत्याकडून. १४४४६ या राष्ट्रीय मदतवाहिनीने आणि करोनाकाळात वाढलेल्या ऑनलाइन सभांनी यात थोडी भर घातली आहे. ॲक्रनच्या त्या दूरध्वनीची येथे आठवण व्हावी.

खरी अडचण स्थलांतराची आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी बाहेर पडलेला 'कोयता', म्हणजे नवरा-बायकोचे जोडपे, थेट उन्हाळ्यात परततो. नव्याने दारू सोडणाऱ्याने पहिल्या नव्वद दिवसांत नव्वद सभांना जावे, असा या चळवळीतील प्रघात आहे. ऊसतोड्याचे हे नव्वद दिवस परक्या फडात जातात. मुकादमाची उचल दोघांच्या नावे असते, त्यामुळे नवऱ्याच्या पिण्याने पडलेला खाडा बायकोलाही फेडावा लागतो. कळंब, वाशी, भूम, परंडा या भागांत असा गट उभा करावयाचा तर तो मृगापासून दसऱ्यापर्यंत, म्हणजे जोडपी गावात असतानाच, आणि बायकांना बरोबर घेऊन भरवावा लागेल.